भट्टीबाईंचा मिथेन

“धूर बंद करा, नायट्रोजन सोडा,” भट्टीबाई ओरडत होत्या आणि प्राचार्यांच्या हातातला पेढा तोंडापासून बोटभर अंतरावर थांबला होता. बाईंचा आवाज असा, की दिघीहून सुटलेली बोट आगरदांड्याला न लागताच अर्ध्या खाडीतून माघारी वळायची. मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायचो. माझी कित्येक साम्राज्यं त्या आवाजाने वेळेआधी कोसळली.

बाई आमच्या बोर्लीजवळच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या. उजेड पडला की कार्बन डायॉक्साइडचं इंधन, म्हणजे मिथेन, करील अशी सिरॅमिकची पावडर त्यांना बनवायची होती. कार्बन डायॉक्साइडला कॉलेजभर सगळे धूरच म्हणत. आमच्या चुका सुधारून दमल्यावर बाईही तेच म्हणू लागल्या. पावडर घोटायची, भट्टीत भाजायची, दिव्याखाली ठेवायची आणि काही आलं नाही की पुन्हा घोटायला बसायचं. भट्टी इतकी तापायची, की छपरावर पांढरा बसलेला बगळा उडताना तांबूस दिसायचा.

त्या भट्टीला दुसरं काही शिवलेलं बाईंना चालत नसे. एका पावसाळ्यात प्राचार्यांनी घरचे सोडे सुकवायला पाठवले, ते बाईंनी ओलेच परत केले. “सर, तुमच्या कोलंबीचा कार्बन माझ्या पावडरीत शिरला, तर मिथेन धुरातून आला की समुद्रातून, हे मी विचारू कुणाला?”

तर त्या पेढ्याच्या दिवशी वायू ओळखणाऱ्या यंत्राच्या कागदावर पहिल्यांदाच मिथेनची रेघ उठली होती, थेट रायगडाच्या कड्यासारखी. सोमवारी पैसे देणारी समिती यायची होती. काही दिसलं नाही तर प्रकल्प बंद, आणि त्याबरोबर बाईंची कंत्राटी नोकरीही. म्हणून तर पेढे आणले होते. पण बाईंचा हट्ट, तोच दिवा आणि तीच पावडर धुराशिवाय, कार्बन नसलेल्या नायट्रोजनमध्ये लावून बघायची. “चुलीवर काही न ठेवता वास आला, तर तो आपल्या भाताचा नव्हे.”

नायट्रोजन सोडला. रेघ पुन्हा उठली, तेवढीच उंच. मिथेन धुरातून येतच नव्हता. भाजणी कमी पडून पावडरीतच राहिलेल्या कार्बनाचा होता तो.

“मशीन हाय म्हनतंय, बाई न्हाय म्हनतात,” शिपाई नाना म्हणाला. “पेढे आता द्यायचे कुनाला?”

प्राचार्यांनी हळूच विचारलं, “बाई, हा दुसरा कागद समितीला दाखवायलाच हवा का?”

“तोच आधी दाखवणार.”

दाखवला. समितीने चहा घेतला, बाईंच्या प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि प्रकल्प बंद केला. सत्र संपेपर्यंतची मुदत तेवढी दिली.

दुसऱ्या सकाळी बाई भट्टीपाशी हजर. जास्त आचेवर, जास्त वेळ भाजायचं. हात पोळले, भुवया निम्म्या झाल्या, पण बाई हटल्या नाहीत. मुदत संपायच्या आठवड्यात नायट्रोजनवर कागद पहिल्यांदाच कोरा आला. मग धूर सोडला. मी चष्मा पुसला, नानाने पंखा बंद केला, तेव्हा कुठे एक रेघ दिसली, डासाने मान वर करावी एवढी. बाईंचं सामान बांधून झालेलं. सकाळच्या बोटीने त्या जाणार होत्या.

“बाई, सगळं करून एवढीशीच?” मी म्हणालो.

“एवढीशीच. पण धुराची आहे.”