सरांचा प्रेझेंट परफेक्ट आणि आमचा बांध

चौऱ्याण्णव साली पेणच्या एसटी स्टँडवर आई मला सोडायला आली, तेव्हा तिच्या पायांवर खाडीचा चिखल वाळला होता. आदल्या दिवशी भरतीनं बांध फोडून खांड पाडलेली. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घरटी एका माणसानं घमेल्यानं माती वाहायची, हा आमच्या गावचा कायदा. ज्या घरचं माणूस येत नाही, त्या घराला गावकीत बोलायचा हक्क नाही. वडील वारलेले, म्हणजे आमच्या घरचा माणूस मीच. आणि मी निघालो होतो मस्कतला. "तू जा. घरचा मानूस आता मी हाय," आई म्हणाली. लाज वाटायला हवी होती. मी घड्याळ बघत होतो.

इंग्रजीचा माज, दुसरं काय! मस्कतच्या आधी धाटावच्या कंपनीत पहिली शिफ्ट संपली की रोह्यात इंग्रजीचा क्लास. सर स्वतः कधी कोलाडच्या पुढे गेले नव्हते, पण थाट साहेबाचा. शिकवायचे, वेळ सांगितली, गोष्ट संपली, तर 'आय लिव्ह्ड'. संबंध अजून उरलाय, तर 'आय हॅव लिव्ह्ड'. खाडीकडची पोरं चुकली की म्हणायचे, तुम्ही आपलं मीठच पिकवा. आणि मी, मिठागरवाल्याचा मुलगा, सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. असला नालायक.

मस्कतमध्ये माझ्यासारखेच शहाणे भेटले. शुक्रवारी बिर्याणी खात एकमेकांचं इंग्रजी सुधारायचं आणि गावाकडच्यांना अडाणी म्हणायचं. बडा घर पोकळ वासा. तिथल्या साहेबांना मी छाती फुगवून सांगायचो, आय हॅव ऑलवेज लुक्ड आफ्टर माय व्हिलेज. व्याकरणाची एक चूक नाही. बाकी सगळं खोटं.

चार वर्षांनी सुट्टीवर आलो आणि तिसऱ्याच दिवशी खांड पडली. पँट दुमडून बांधावर गेलो. आई आधीच रांगेत होती, घमेलं डोक्यावर. ते घ्यायला हात पुढे केला, तर वडिलांच्या एका जुन्या दोस्तानं, गावकीच्या पंचानं, मला अडवलं.

"तुज्या घरचा मानूस आलाय. तू पावना हायस, सावलीला बस."

आई घमेलं सावरत पुढे चालू लागली. आणि मी खरोखरच जाऊन बसलो.

आजही कुणी गाव विचारलं तर पेणच सांगतो. पण घर आईचं. तिथं गेलो की सगळ्यांच्या आधी चहा मला मिळतो, पाहुण्याचा, बशीसकट, आणि तो मी मुकाट्यानं पितो.