पणजोबांचा नैवेद्य

"बसलेत ते. कुठे जातायत?" पणजोबा सापडले का, असं जिन्यात कोणी विचारलं की शेजारच्या काकांचं हे ठरलेलं उत्तर.

काका लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. पणजोबांना लोणी काळभोरला स्वतःच्याच शेतात पुरलं होतं. पुढे शेत विकून कुटुंब पुण्यात आलं. काकांना वडिलांनी सांगितलेली खूण एवढीच, की बांधाजवळ दगड आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी कोरलाय. आता तिकडच्या जमिनी भराभर बिल्डरांकडे जात होत्या. एक दिवस पणजोबांवर पार्किंग होईल, ही काकांची धास्ती. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "बाबा, सॅटेलाइट फोटोत बघू." काका म्हणाले, "त्यात पाठ दिसते का त्यांची?"

मग रविवारी माझ्या मारुतीतून कर्वेनगर ते लोणी अशा फेऱ्या सुरू झाल्या. काका कपाळाला भस्म लावून शेजारी बसत आणि गिअर कधी बदलायचा ते मला सांगत. त्यांना स्वतःला सायकलखेरीज काही येत नव्हतं.

एका खेपेला उसाच्या कडेला शेंदूर फासलेला दगड दिसला. शेताची मालकीण म्हणाली, "आमचा म्हसोबा हाय. लई कडक. दर आखाडात कोंबडं लागतं."

काकांनी दगडाच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे शेंदूर पोचला नव्हता. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नंदी आहे. अहो, जन्मात अंड्याला शिवले नाहीत हो ते."

मला हसू आवरेना. "मग सांगा की बाईंना."

तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "पोरं म्हणत्यात, इकून टाक. म्या म्हनलं, म्हसोबाला उठवून कुटं जायाचं?"

काकांनी दगडापुढे हात जोडले. मग विचारलं, "गोडाचा नैवेद्य चालेल का?"

"बघा दिऊन. न्हाई आवडला तर मला बोल लावू नका."

परतताना हडपसर आलं तसे काका म्हणाले, "खरं सांगितलं तर उद्या विकतील. खाऊ देत कोंबडं."

त्यानंतर दर आषाढात कोंबड्याच्या आधी पुरणपोळी जाऊ लागली.

काका गेले तेव्हा सोसायटीच्या फाटकातून बसूनच गेले, फुलांनी सजवलेले, भस्म लावलेले. या आषाढात पुरणपोळी मीच नेली, दुकानातली. ऊस तसाच उभा होता. बाईंनी गाडीत डोकावून पाहिलं. "म्हातारबाबा कुटं हायत?"

"बसलेत ते," मी म्हटलं आणि डबा उघडला.