राहुकाळ सांगणारा काँप्युटर

शरदचंद्रांना एका जागी बसवत नाही, हे वेलचेरीतल्या त्या अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले, पण कान तिथेच राहिले. फ्रिज जरा वेगळा घुरघुरला की हे मागे जाऊन वाकलेच. सांगलीचा हा माणूस चेन्नईत येऊन तमिळमध्ये ऑटोवाल्याशी भांडायला शिकला आणि शेजारच्या शेषाद्रींच्या नादानं राहुकाळही पाळायला लागला. रोजच्या त्या अशुभ दीड तासात नवं काम सुरू करायचं नाही म्हणजे नाही. शेषाद्रींनीच पोंगलला त्यांना एक सीडी दिली होती. तिच्यातला ‘शुभवेळ’ नावाचा प्रोग्रॅम राहुकाळ लागला की घंटा वाजवायचा. फुकटचा, त्यामुळे विशेष आवडता.

तर २००५ सालच्या त्या शुक्रवारी ते सकाळी आठपासून घरच्या काँप्युटरला भिडले होते. काही आठवडे तो रडतखडत चालत होता. सून कीर्ती त्यावर घरबसल्या नोकरी करायची. परदेशातल्या डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली टिपणं ऐकून टाइप करायची. फायली दोनदा उशिरा गेल्या होत्या. आज एकच्या आत गेल्या नाहीत तर तिला नारळ मिळणार होता. त्यात शरदचंद्रांनी गेल्या रविवारी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. जाता-येता त्यांना पडद्यावर दोनदा अचकट विचकट जाहिराती दिसल्या होत्या. तेवढ्यावर त्यांनी हैदराबादला असलेल्या मुलाला, मकरंदला, फोनवर सांगून टाकलं, “दिवसभर चॅटिंग करते, नाही नाही ते उघडते. मशीन बसणार नाही तर काय!” चॅटिंग त्यांनी पाहिलंच नव्हतं, ते पदरचं. मकरंदनं बायकोला बजावलं, महिना संपला की काम बंद. कीर्ती त्यावर सासऱ्यांना एका शब्दानं बोलली नाही आणि तेच त्यांना सारखं टोचत होतं.

“मोडेमचा दिवा बघा, बाबा,” कीर्ती म्हणाली. “मी कशालाही हात लावलेला नाही, तरी लुकलुकतोय. आत काहीतरी दडून बसलंय आणि गुपचूप बाहेर पाठवतंय. अँटिव्हायरसला सापडत नाहीये.”

मशीन चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिनं उघडली. आठ नावं होती. शरदचंद्र सरसावले. कारखान्यात एकाच फिरत्या शाफ्टवर पट्ट्यांनी चालणारी सगळी यंत्रं थरथरायला लागली की ते एकेकाचा पट्टा उतरवून बघत. ज्याचा पट्टा उतरल्यावर थरथर थांबली, तो चोर. इथेही तेच करायचं. एका नावापुढची खूण पुसायची, म्हणजे तो प्रोग्रॅम सुरू होणार नाही, मशीन पुन्हा सुरू करायचं, दिवा बघायचा. एका फेरीला वीस मिनिटं! तेवढ्यात ते बाल्कनीत चार खेपा घालून येत.

साडेदहाला घंटा वाजली. सात नावं झाली होती आणि दिवा लुकलुकतच होता.

“एकच राहिलंय,” कीर्ती म्हणाली. “शुभवेळ.”

“त्यात काय असणार? पंचांग आहे ते. आणि राहुकाळ लागला. आता बारापर्यंत हात लावायचा नाही.”

“बाबा, सकाळपासून हेच चाललंय. हे नवं काम कसं?”

रीस्टार्ट हे नवं काम की जुनंच, याचा निवाडा कुठल्याही पंचांगात नव्हता. शरदचंद्रांनी तो नवं असा देऊन टाकला. खरं म्हणजे पोंगलला सीडी आली आणि त्यानंतरच मशीन बिघडलं, हे त्यांना आत्ता आठवत होतं. कीर्ती तशीच टाइप करायला बसली. ती बटण दाबायची आणि अक्षर उमटायची वाट बघायची. शरदचंद्र हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. सव्वाअकराला ते आले, सुनेला बाजूला सरकायला सांगितलं आणि भर राहुकाळात ती आठवी खूण स्वतः पुसली.

मशीन तीन मिनिटांत सुरू झालं. दिवा शांत होता.

कीर्तीनं हेडफोन चढवले आणि तिची बोटं धावायला लागली. एकला दहा कमी असताना शेवटची फाइल गेली.

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण महिना संपायला पाच दिवस उरले होते.

“माझं चुकलं गं,” शरदचंद्र म्हणाले.

“मला काय सांगताय? तुम्ही मकरंदला सांगितलं होतंत.”

त्यांनी तिच्यासमोरच नंबर फिरवला.

“काय बाबा,” मकरंद म्हणाला, “सापडलं का तिनं काय करून ठेवलंय ते?”

“तिनं नाही रे. ती घाण मीच घातली होती, त्या फुकटच्या सीडीतून. जाहिरातीही तिच्याच. आणि ते चॅटिंगचं... मी मनचंच सांगितलं.”

“मी तिला काय काय बोललो, ठाऊक आहे तुम्हाला?”

शरदचंद्रांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी रिसीव्हर कीर्तीपुढे धरला. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि उद्याची फाइल उघडली.