डावीकडचा ब्रेक

"मॅडम, पाय खाली घ्या की," ओंकार म्हणाला.

मी घेतला नाही. मी सीटवर मांडी घालून बसले होते आणि गाडी मैदानाच्या टोकाला ठेवलेल्या रिकाम्या ड्रमकडे निघाली होती. "थांबव तू," मी म्हटलं. त्यानं थांबवली, पण ड्रम पाडून.

मी नाशिक रोडच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या, म्हणजे डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. त्याला ड्युअल कंट्रोल म्हणतात. शिकणारा गडबडला की आम्ही दाबायचा. पण गाडी वेळेवर थांबली की शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. ओंकारला तर खात्रीच होती. स्टिअरिंग छान, गिअर छान, पण समोर कुणी आलं की त्याचा पाय हलायचा नाही. माझा हलायचा.

हे फक्त त्याच्या आईच्या लक्षात आलं होतं. काळजीपोटी त्या रोज मागच्या सीटवर येऊन बसायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "मॅडम, ब्रेक तुम्हीच लावता ना?"

"बऱ्याचदा," मी म्हटलं. तेव्हापासून त्या रस्त्याऐवजी माझ्या पायाकडे बघत बसायच्या.

ड्रमची तक्रार दुसऱ्याच दिवशी आली. ओंकारचे वडील मूळचे येवल्याकडचे, आवाज मोठा. आल्या आल्या सुरू झाले. "पोरगं घाबरलं ना आमचं. शिकवायचं सोडून ड्रमवर काय घालायला लावता?"

"त्याला ब्रेकचा अंदाज नाही. अजून काही दिवस द्या."

"दिवस कुठून आणू? दसऱ्याला गाडी येतीये. हात बसला का जमतं सगळं."

"हात नाही, पाय बसायला हवा," मी म्हटलं.

ते गेल्यावर आमचे सर, म्हणजे स्कूलचे मालक, माझ्यावर चिडले. "मॅडम, सीझन आहे. पॅरेंट्सशी वाद घालू नका."

"सर, तो कुठेतरी ठोकणार."

"लायसन्स आपण देत नाही," सर म्हणाले आणि ओंकारला दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे दिलं.

तो टेस्ट पासही झाला. ट्रॅकवर आठचा आकडा काढायचा असतो, तिथे अचानक आडवं कुणी येत नाही. पेढे घेऊन आला, तेव्हा मी त्याला तोंडावर सांगितलं की तुला अजून गाडी येत नाही. तो हसला.

दसऱ्याला गाडी आली. चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फुटला, झेंडूची माळ चढली आणि तिघं वणीला गडावर निघाले. आमच्याकडे नवी गाडी आधी देवीला जाते. दिंडोरीच्या पुढे ट्रॉली लावलेला एक ट्रॅक्टर वळण्यासाठी थांबला होता. ओंकारनं ब्रेक लावलाच नाही, नुसतं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. तो वाचला, मागे बसलेले वडील वाचले. गाडीची डावी बाजू ट्रॉलीत घुसली. तिथे, पुढच्या सीटवर, आई बसल्या होत्या.

मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. त्यांच्या उजव्या घोट्याचा चुरा झाला होता. काठीशिवाय चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मॅडम, मी दाबला हो पाय," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर मला लांबूनच दिसला होता. तुम्ही दाबता तसाच दाबला. खाली काही नव्हतंच."

मी बाहेर जिन्यात येऊन बसले. त्या बापाचा, सरांचा, त्या मुहूर्ताचा भयंकर राग आला होता.

गेल्या महिन्यात वडील पुन्हा ऑफिसात आले. आवाज उतरला होता. मला वाटलं, पोराला परत शिकवायला आणलं असेल.

"मॅडम, तुमच्या गाडीत डावीकडं ब्रेक हाय ना, तसा आमच्या गाडीत बसवून मिळंल का? मीच बसत जाईन शेजारी."

"एक ब्रेक कंपनीनं दिलाय की, उजवीकडे," मी म्हटलं. "ओंकारला पाठवा, तो दाबायला शिकवते."

"त्याला कशाला? लायसन हाय ना त्याच्याकडं," ते म्हणाले आणि बाहेर गाडी चालू ठेवून बसलेल्या ओंकारकडे निघून गेले.

हल्ली मी प्रत्येकाला त्या मैदानावर नेते आणि पाय वर घेऊन बसते. सरांना आवडत नाही. ड्रम जागोजागी चेपलाय. पण पडलेला ड्रम परत उभा करता येतो, एवढं मला कळलंय.