पद्माकरची मान

मराठीत मान स्त्रीलिंगी असली तर ती खांद्यांवर असते आणि पुल्लिंगी असला तर तो लोकांच्या हातात असतो. पद्माकर रिसबुडाला साठीपर्यंत दोन्हींची फारशी काळजी करावी लागली नव्हती. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत कंटेनरांचे कागद सांभाळायचे, एमआरटीच्या गाडीनं सेम्बावांगला घरी यायचं, बायकोनं, म्हणजे सुलेखानं, केलेली आमटी भुरकायची, आणि बुधवारी सात वाजता तबला-डग्ग्याच्या पिशव्या दोन खांद्यांना लटकावून कम्युनिटी क्लबात जायचं. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो बुधवारची वाट बघत काढायचा असं म्हटलं, तरी सुलेखा नाही म्हणणार नाही.

क्लबातल्या त्या वादकमंडळाचं नाव फोर शोअर्स, म्हणजे चार किनारे. प्रत्यक्षात किनारे तीनच उरले होते. चौथा, म्हणजे खंजिरी वाजवणारी एक ब्राझीलची संशोधक मुलगी, कामाचा पास संपल्यावर मायदेशी गेली. पण बॅनर छापून झालं होतं, आणि छापून झालेलं बॅनर फेकणं हे पद्माकरच्या कोकणस्थी रक्तात बसत नव्हतं. राहिले तिघं. पद्माकर, तबल्यावर. हलीम हा मलाय बसड्रायव्हर. तो गांबुस नावाचं पोटुशा भोपळ्यासारखं तंतुवाद्य छेडायचा. आणि मिसेस टेओ, एकाहत्तर वर्षांच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं अर्हू म्हणजे मांडीवर उभं धरायचं चिनी व्हायोलिन. तारा दोनच, पण त्या दोन तारांतून बाई असं काही रडू काढायच्या, की बाहेर पिंगपाँग खेळणारी मंडळी खेळ थांबवून दारात येऊन उभी राहायची.

बाई पद्माकरला 'पद्मा' म्हणत. सुलेखाच्या एका मावशीचं नाव पद्मा होतं, त्यामुळे बाईंचा फोन आला की सुलेखा स्वयंपाकघरातून ओरडायची, "मावशी, तुमचा फोन!"

या तिघांची अडचण एकच होती. एकत्र निघायचे, पण एकत्र पोचायचे नाहीत. बाई आकड्यांत लिहिलेली सुरावट वाचायच्या, हलीम कानानं वाजवायचा आणि पद्माकर मात्रा मोजायचा. सहा महिने प्रत्येक धून तीनदा संपत होती. शेवटी बाईंनीच तोडगा काढला. "पद्मा, तुझी ती पहिली मात्रा येते ना, तेव्हा तू मान खाली टाकतोस. आम्ही तुझ्या मानेकडे बघू. मान पडली की आपण सगळे खाली."

मराठीत मान टाकणं म्हणजे काय, हे पद्माकरनं त्यांना सांगितलं नाही. पण तेव्हापासून तिन्ही किनारे समेवर एकत्र लागू लागले. चार वर्षं लागत होते.

मग गेल्या वर्षी त्याची मान आपली आपण हलू लागली. हो-हो, हो-हो, अशी, बारीक. आधी कुणाला कळलंच नाही. उलट फायदाच झाला. ईस्ट कोस्टला एका काँडोत मराठी मंडळींची बैठक होती, निहारिका नावाची पोस्टडॉक करणारी मुलगी गायली. गाणं झाल्यावर ती पद्माकरच्या पाया पडली. "काका, असा श्रोता मिळत नाही हो. माइक टेस्टिंगलासुद्धा तुम्ही दाद देत होतात!" ऑफिसात साहेबानं विचारलं, "शनिवारी येणार ना?" आणि पद्माकरनं तोंड उघडण्याआधी मानेनं परस्पर होकार देऊन टाकला. असे तीन शनिवार गेले.

एप्रिलमध्ये डॉक्टरनं सांगितलं, मानेचा कंप आहे. यानं कुणी मरत नाही, पण तो थांबतही नाही. पुढेमागे हातांत उतरू शकतो. हनुवटीला बोट लावलं की काही वेळ शांत होईल. पद्माकर मीटिंगमध्ये हनुवटीला बोट लावून बसू लागला, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच विचारवंत म्हणून ओळखला जाऊ लागला. घरी सुलेखाला सगळं ठाऊक होतं. क्लबात त्यानं चकार शब्द काढला नाही. पुण्याहून आलेला उन्मेष नावाचा एक आयटीवाला तबलजी तीनदा "काका, कधी जागा झाली तर सांगा" म्हणून गेला होता. आणि 'हातांत उतरू शकतो' हे वाक्य बोलून दाखवलं तर ते उतरेलच, असं काहीतरी पद्माकरच्या मनानं घेतलं होतं.

तबला वाजवताना हनुवटीला लावायला तिसरा हात नसतो.

जुलैत क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाईंची संथ धून, खाली तीनताल. बाईंचे डोळे पद्माकरच्या मानेवर. आणि अकराव्या मात्रेला ती मान, एरवीसारखी बारीक नाही तर चांगली ठळक, खाली गेली. बाई विश्वासानं शेवटच्या लांब सुरावर उतरल्या, एकट्या. हलीम कानावर विसंबून वरच राहिला. बाई दचकल्या, पुन्हा वर चढल्या, आणि पुढच्या आवर्तनात नवव्या मात्रेला पुन्हा तेच. दोनशे माणसांसमोर बाईंचा गज तारेवर थांबला तो थांबलाच. त्या उठून "सॉरी" म्हणाल्या आणि खाली बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथले लोक सभ्य आहेत. अशा वेळी ते फार बोचतं.

आतल्या खोलीत बाई अर्हूचा गज सैल करत होत्या. "माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी विणकामाचे टाके चुकायचे. वर्षानं मुलीला ओळखेना."

"नाही लाह, आंटी, एक दिवस होतं असं," हलीम त्याच्या सिंगापुरी लकबीत म्हणाला.

पद्माकरनं तोंड उघडलं. मग तबल्याची पिशवी उघडली, आणि तोंड मिटलं.

पुढच्या बुधवारी बाई आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. ऑगस्ट संपता संपता हलीम त्यांच्या घरी जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, "ब्रो, घरभर चिठ्ठ्या लावल्यात तिनं. गॅस बंद? किल्ली घेतली? फ्रीजवर, दारावर, नळावर. मला बघवेना."

पद्माकरनं फोन ठेवला. सुलेखा समोरच कणीक मळत होती. हलीमचा आवाज मोठा, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं.

"तुमची मान राखलीत तुम्ही," ती म्हणाली. "आता बाईंचा मान कोण राखणार, अहो?"

शनिवारी दुपारी तो दोन स्टेशनांवर, यिशुनला गेला. बाईंनी दार उघडलं. हलीमनं सांगितलेल्या चिठ्ठ्या होत्याच. कोपऱ्यातल्या अर्हूच्या पेटीवर एक चिठ्ठी होती, तिच्याबद्दल मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. तिच्यावर लिहिलं होतं: हे तुझं आहे.

पद्माकरनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "तुम्ही चुकला नव्हतात. माझी मान हलते, आपोआप. आजार आहे. अकराव्या मात्रेला हलली, तुम्हाला ती सम वाटली."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. नापास झालेल्या मुलाला "पेपर अवघड होता" म्हणणाऱ्या आईकडे वर्गशिक्षिका बघते, तसं.

"पद्मा, तू भला माणूस आहेस. मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस. होय ना?"

"नाही!" पद्माकर म्हणाला. मान मात्र होय म्हणाली. चारपाचदा म्हणाली.

"बघ," बाई म्हणाल्या.

त्यानं एक बोट हनुवटीला टेकवलं आणि दुसऱ्या हातानं खिशातून हॉस्पिटलचं पत्र काढून दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. तारखेवर बोट ठेवलं.

"एप्रिल."

"हो."

"कार्यक्रम जुलैत होता."

"हो."

वजाबाकी करायला त्यांना कागद लागला नाही. "म्हणजे त्या दिवशी, मी बहिणीचं सांगत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"तबला सुटेल याची भीती वाटली मला."

बाई खुर्चीत बसल्या. त्याला बस म्हणाल्या नाहीत. "मंगळवारी मेमरी क्लिनिकला गेले होते मी. त्यांनी पाच शब्द सांगितले. पाच मिनिटांनी विचारले. तीन आले. तिथे तुझी मान नव्हती, पद्मा. मग दोन कुणी नेले?"

रडणं, ओरडणं, हाकलून देणं, या सगळ्याची पद्माकर गाडीत तयारी करून आला होता. याची नव्हती. आणि तयारी नसली की माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"कोणते दोन?"

"ते माहीत असते तर पाच झाले नसते का, गाढवा?" बाई म्हणाल्या आणि हसल्या. खळखळून. पद्माकरही हसला. दोघंही जरा जास्तच हसली. आधी बाई थांबल्या.

"घाबरलेल्या होतात तुम्ही," तो म्हणाला. "सहा आठवडे. माझ्यामुळे. घाबरलेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत."

"असेल. नसेलही. आता त्यातलं तुझं किती आणि माझं किती, हे कोण काढणार?" त्यांनी पत्राची घडी त्याच्या जुन्याच रेषांवर घातली आणि परत दिली. "शुक्रवारी रिपोर्ट आहे."

"मी येतो बरोबर."

"नको. डॉक्टर काहीतरी सांगेल, मी तुझ्याकडे बघेन, आणि तू होय म्हणतोयस की नुसताच हलतोयस ते मला कळणार नाही."

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गणित सांगावं तशा म्हणाल्या. पद्माकरनं चपला घातल्या. बाईंनी आतून दार ओढून घेतलं, आणि त्यावरची 'किल्ली घेतली?' ही चिठ्ठी त्यांनी हातानं पुन्हा नीट दाबून बसवल्याचा आवाज त्याला बाहेर ऐकू आला.

बिल्डिंगच्या खाली बाकावर बसून त्यानं हलीमला फोन केला. सगळं सांगितलं, मानेचं, एप्रिलचं, पाच शब्दांचं.  हलीमच्या मागं बसडेपोतल्या गाड्यांची घरघर येत होती.

"बुधवारी उन्मेषला बोलाव," पद्माकर म्हणाला. "नंबर पाठवतो. हात चांगला आहे त्याचा."

"आणि आंटी?"

"शुक्रवारनंतर कळेल."

पुन्हा घरघर. मग, विचारण्यासारखं काही उरलं नाही की सिंगापुरात सगळे जे विचारतात, तेच हलीमनं विचारलं. "जेवलास का तू?"

"नाही," पद्माकर म्हणाला. फोनवर मान दिसत नाही, त्यामुळे हलीमला ते लगेच पटलं.