कढई निघाली दापोडीला

कऱ्हाडच्या स्टेशनवर धाकटे दीर पोचवायला आले ते काळजीपोटी नव्हे, खात्री करून घ्यायला. माझ्याजवळ साबणाच्या वड्यांनी भरलेली ट्रंक होती. ती तशीच भरलेली परत आली, की परसातली माझी शेड त्यांना गोठ्यासाठी द्यायची, असं ठरलं होतं. यजमान गेल्यावर त्या शेडमध्ये मी खोबरेल आणि करंजेलाचा साबण शिजवू लागले, वर गुलाबाचं अत्तर घातलं. गावाने वास घेतला, वाहवा केली आणि दुकानातून नेहमीचाच साबण नेला. पुण्यापलीकडे कारखाने उभे राहताहेत, हे मावसबहीण इंदूने कळवल्यापासून तिथल्या कामगारांचे ग्रीसने काळे झालेले हात माझ्या डोक्यातून जात नव्हते.

“वहिनी, बायकांचं काम नाही ते,” भाऊजी म्हणाले. मी खिडकीची झडप पाडली.

दापोडीत इंदूची खोली रेल्वेलगतच्या गल्लीत होती. संध्याकाळी भोंगा झाला तशी मी एका कारखान्याच्या फाटकासमोर ट्रंक उघडून बसले. माणसं जमली, वड्या हुंगू लागली. एकाने विचारलं, “बाई, हा वास घेऊन घरी गेलो तर घरची दार उघडंल का?” सगळे हसले, मीही हसले. मग त्यानेच तिथल्या नळावर वडी लावून पाहिली. ग्रीस निघालं नाही, नुसतं मनगटापर्यंत पसरलं. तेव्हा मात्र माझं हसू मावळलं.

घरी इंदूचा नवरा राख आणि रॉकेलने हात खरडत होता. जेवायला गरम भाकरी आणि झुणका होता. इंदू फार छान झुणका करते, पण त्याच्या प्रत्येक घासाला रॉकेलचा वास येत असणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पिंपरीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं आणि मध्येच बांधकामाच्या परांच्या, असा तो मुलूख. कॅम्पात (फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींच्या वसाहतीत) एका दुकानदाराने मला आधी चहा पाजला, मग समजावलं, की मोठ्या कंपनीच्या भावात मी कधीच विकू शकणार नाही. माणूस खरं बोलत होता, म्हणून जास्त लागलं.

तिथून इंदूकडे परतायचं सोडून मी पुढची गाडी धरली, देहूरोडला उतरले आणि चालत देहू गाठलं. देवळात काही मागितलं नाही, तक्रार मात्र मनसोक्त केली. मग घाटावर बसले. इंद्रायणीतले मासे चुरमुऱ्यांसाठी पायरीशी येत होते. शेजारी एक माळकरी (तुळशीची माळ घातलेला) गडी नदीच्या वाळूने हात घासत होता. देहूरोडला यंत्रांना ग्रीस लावायचं काम करायचा. बोटांना भेगा पडलेल्या. साबण का लावत नाही, म्हणून मी विचारलं.

“बाजारच्या साबनात चरबी असती म्हनं. आमी माळकरी, आमाला चालत न्हाई.”

“माझ्यात नाही. नुसतं तेल आहे.”

“समदे तसंच म्हनत्यात, ताई.”

मी पिशवीतून काढलेल्या वडीला त्याने हातही लावला नाही. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी त्याचं ग्रीसचं फडकं उचलून माझेच दोन्ही तळवे काळे केले. वडी ओली केली, तिच्यावर चिमूटभर वाळू टाकली आणि चोळलं. काळं निघालं. वाळू बोचत होती, पण मला रांगोळी आठवली. कढईत रांगोळीची भुकटी घातली तर साबण खरडेलही आणि सोलणारही नाही.

“तुमच्या डोळ्यांदेखत शिजवला तर?” मी विचारलं.

त्याने वाकून माझे तळवे पाहिले. “मग व्हय. मग पार दापोडीपस्तोर समद्या माळकऱ्यांना सांगतो. पर ह्यो गुलाब नगं.”

कऱ्हाडला भाऊजींनी ट्रंक उचलली आणि तिच्या वजनानेच खूश झाले. “भरलेली आली की, वहिनी.”

“आली. शेड घ्या तुम्ही. कढईला मात्र हात लावू नका, ती माझ्याबरोबर दापोडीला निघालीय.”

हे लिहितेय ते दापोडीतूनच. इंदूच्या दारासमोर, भर गल्लीत, चूल मांडली आहे. ज्याला शंका असेल त्याने यावं, तेल हुंगावं, रांगोळी चिमटीत धरून बघावी. देहूचा तो गडी पहिल्याच घाण्याला सात-आठ जणांना घेऊन आला आणि साबण घट्ट होईपर्यंत हलला नाही. बाजारापेक्षा माझा भाव चढा आहे, तरी वड्या उरत नाहीत. घरी बसून मी माझा साबण कसा चांगला, एवढंच म्हणत राहिले असते. कोणाचे हात कशासाठी अडलेत हे बघायला गाव सोडावं लागलं. इंदूचा नवरा आता भाकरी चवीने खातो.

गुलाबाच्या वड्या मात्र मी फेकल्या नाहीत. दिवसभराचं काम आटोपलं, की माझे हात मी त्यांनीच धुते.