आधी मेव्हणा, मग शेळी

माझ्या मेव्हण्याएवढा शेळ्यांवर जीव टाकणारा आणि स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस अख्ख्या मोरिवलीत दुसरा नाही. त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी त्याने माझी आमटी तळहातावर घेऊन चाटली आणि म्हणाला, "दाजी, खायला हरकत नाय. मजा पण नाय." बायको गेल्यापासून माझ्या हातचं तो आधी चाखतो, मग मला जेवू देतो. खोड जुनीच. भुसा असो, पेंड असो, पहिला घास ह्याचा, मग शेळ्यांचा. उल्हासनगरात पेंड कडू लागली तर दुकानदारालाच चाखायला लावली होती. बायको म्हणायची, "दादा, एक दिवस खाटीक तुलाच उचलून नेईल."

त्या दुपारी शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं. ते वजनावर देतात. हा पठ्ठ्या भंगारवाल्याच्या काट्यावर बसला आणि आपल्या वजनाचं औषध ढोसून मोकळा! मी गोठ्यात गेलो तेव्हा बोकडाच्या गळ्यात पडून उलट्या करत होता. म्हणाला, "दाजी, तुम्ही दोन कधी झालात?" रिक्षात घातला, अंबरनाथचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लंत?"

"दाजींची आमटी."

मी खिशातली बाटली काढून टेबलावर आपटली. बाई कडाडल्या, "हे जनावराचं औषध! माणसाला जंताचं औषध वेगळं, मापही वेगळं. असं प्यायलं की चक्कर येते, डोळ्यांना नीट दिसत नाही, माणूस बेशुद्धसुद्धा पडतो."

"बरं झालं बाई, शेळ्यांना पाजलं नव्हतं," मेव्हणा म्हणाला.

"अहो, त्यांचंच आहे ते!"

सगळे हसले. मला हसू येईना. ह्याच दवाखान्यातून बायकोला मी जिवंत घरी आणू शकलो नव्हतो. ती कशी बोलायची हे ठाऊक असलेला आता हा एकच उरलाय, आणि तो सलाईन लावून पडलेला.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "धोका टळला. आजची रात्र राहू द्या." मी बाकड्यावर बसून चहा घेतला. किती दिवसांनी चहाला चव लागली. ह्याने डोळे उघडले ते म्हणतो कसा, "दाजी, शेळ्या उपाशी असतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गोठ्यात गेलो, घमेल्यात भुसा ओतला. एकीने तोंड लावलं तर शपथ! सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या. इकडंतिकडं पाहिलं, चिमूटभर भुसा तोंडात टाकला, चावला.

"खायला हरकत नाय," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी घमेल्यात माना घातल्या.